लक्ष्मीच्या पायाखालचा नंबर

वर्ध्यात मे महिन्यात भर दुपारी पंखा बंद करून बसणारं घर एकच असेल, आणि नेमकं तेच माझ्या नशिबी आलं. पंखा बंद, कारण कागद उडतात. कूलर बंद, कारण कूलरची हवा ओली आणि ओली हवा कागदाला बाधते. माणसाला ऊन बाधलं तर कांदा आहे, कैरीचं पन्हं आहे. कागदाला बाधलं तर औषध नाही, असं आमच्याकडचं शास्त्र. नवरा टेबलाशी बसलेला. बनियन पाठीला चिकटलेलं, घामाचा थेंब कागदावर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधलेला, डोळ्याला भिंग. मी स्वयंपाकघराच्या दारात पदरानं वारा घेत उभी.

"अहो, झालं का?"

"थांब ना वं."

हे "थांब ना वं" ऐकत माझा सगळा संसार झाला.

हे कागद म्हणजे जुन्या नोटा. पण सरकारी नव्हेत. इंग्रजांच्या अमलात, सरकारनं स्वतः नोटा काढायच्या आधी, खाजगी बँका आपापल्या नोटा छापत. कलकत्त्याला, मुंबईला, मद्रासला व्यापाऱ्यांनी काढलेल्या बँका होत्या. काही चालल्या, काही बुडाल्या, आणि बुडालेल्या बँकेची नोट त्या दिवसापासून रद्दी. पातळ कागद, एकाच बाजूला छपाई, पाठ कोरी. नंबर, तारीख आणि सही शाईनं हातानं घातलेली. आमच्या माणसाला नेमकी हीच रद्दी आवडली. राजा-राणीच्या नोटा जमवणारे पुष्कळ भेटतात. "त्या सरकारी," असं म्हणून हे नाक मुरडतात. स्वतः मात्र जन्मभर पोस्टात सरकारी पगार खाल्ला.

मी शाळेत विज्ञान शिकवलं. सेलूला माहेर, वर्ध्याला सासर आणि नोकरी. मला नोटांचं कधी प्रेम वाटलं नाही, आणि वाटावं अशी सोयही नव्हती, कारण मला त्यांना हात लावायची बंदी होती. "तुह्या हाताले फोडणीचा वास हाय," असं म्हणाले होते लग्नाच्या पहिल्या वर्षी. फोडणी कोणासाठी देत होते मी? वरण काय शेजाऱ्यासाठी शिजत होतं? पण बोलून उपयोग नव्हता, पालथ्या घड्यावर पाणी. कपाट त्यांचं, किल्ली त्यांची. मी फक्त कपाटाच्या वरची धूळ पुसायची, तीही कोरड्या फडक्यानं.

या सगळ्या खजिन्यात एक कागद असा होता की तो उघडला की हे दोन दिवस धड जेवत नसत. तो अर्धा होता. कलकत्त्याच्या एका खाजगी बँकेची नोट, मधोमध कापलेली, उजवी बाजू तेवढी यांच्याकडे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, "उंदरानं खाल्ली का हो?" केवढे चिडले! मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि खरं सांगते, तेवढी एक गोष्ट मला आवडली. त्या काळी डाक जंगलातून, घाटातून जायची, वाटेत लुटली जायची. म्हणून व्यापारी नोट कात्रीनं मधोमध कापत. आधी एक अर्धी पाठवायची. ती पोचल्याचं पत्र आलं की मग दुसरी. मिळणारा माणूस दोन्ही तुकडे चिकटवून बँकेत न्यायचा. तुकडे एकाच नोटेचे आहेत हे कळावं म्हणून नंबर डावीकडे आणि उजवीकडे असा दोनदा लिहिलेला असायचा. एकच अर्धी चोराच्या हाती लागली तर तिचा काही उपयोग नाही.

"मंग ही अर्धी काऊन राह्यली?" मी विचारलं होतं.

"दुसरी पोचली नसन," ते म्हणाले. "कोठीतरी डाक थांबली असन." पोस्टातल्या माणसाला ते फार लागलं होतं. टपाल पोचलं नाही म्हणजे यांच्याच पोटात दुखायचं. लोक लॉटरीचा नंबर पाठ करतात, यांना त्या अर्ध्या नोटेचा नंबर पाठ: सात, चार, एक, नऊ. झोपेतून उठवून विचारा. आमच्या लग्नाची तारीख मात्र मला दर वर्षी आदल्या दिवशी आठवण करून द्यावी लागे.

अशी वर्षं गेली. ते रिटायर झाले, मी झाले. मुलगी पुण्याला, तिचं तिचं बरं चाललंय. आणि मागच्या पावसाळ्यात हे जिना चढता चढता मधेच बसले. सावंगीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मुलीनं पडद्यावर हृदय दाखवलं. मी शाळेत फळ्यावर हृदय काढत असे, चार कप्पे, लाल-निळा खडू. ते किती मजबूत दिसायचं! हे पडद्यावरचं थकलं होतं. आकसायला विसरल्यासारखं हळूहळू हलत होतं. "पंपिंग कमी आहे, काकू. जपायचं. दगदग नको, मनाला ताण नको." गोळ्यांची पिशवी भरून घरी आलो. त्यातच हातांना कापरं भरायला लागलं. चहाची बशी वाजायची. भिंग हातात धरलं तर अक्षरं नाचायची. कपाट हळूहळू उघडेनासं झालं. मला वाटायला हवं होतं की सुटले बाई. पंखा चालू झाला, कूलर चालू झाला. पण गार हवेत बसून मला काही बरं वाटेना.

रात्री त्यांचा श्वास चालू आहे का हे ऐकत मी पडून राहायची आणि सकाळी उठले की कंबर मोडलेली. दमले होते मी. साठी उलटल्यावर माणसाला कोणीतरी सांभाळावं असं वाटतं, आणि मी एका माणसाला सांभाळत होते आणि एका कपाटाला.

त्यांना एकच ध्यास उरला होता, दुसरी अर्धी. भाजीवाला असो, केस कापणारा असो, प्रत्येकाला विचारणार, "तुमच्या देवघरात, पेटीत एखादा जुना छापील कागद हाय का? अर्धा कापलेला?" लोक हसायचे. मला लाज वाटायची. मी ओरडायची, "अहो, कलकत्त्याचा कागद वर्ध्यात काऊन येईन?" ते म्हणायचे, "माह्याकडं आला ना?"

आणि एका सकाळी आमच्या नेहमीच्या भाजीवाल्यानं वांगी तोलता तोलता फोन पुढे केला. चाळिशीचा माणूस, वडनेरचा. घरचीच वांगी, मिरची आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, बाजारात आणतो. "काका, आमच्या लक्ष्मीचा फोटू पाहा बरं. आमी लक्ष्मीपूजनाले मांडतो. अर्धाच हाय."

फोटोत हळदी-कुंकवानं माखलेला एक कागद होता. वर एक बाई बसलेली, पायघोळ कपडे, मागे समुद्र की काय ते. बाईच्या पायाशी कुंकवाचा जाड थर. उजवी कड कात्रीनं सरळ कापलेली. हे फोनकडे बघत राहिले आणि मग भाजीच्या गाड्याला धरून उभे राहिले. मी घाबरून मनगट धरलं. नाडी धडधडत होती. मनात म्हटलं, झालं, आता हा कागद यांना घेऊन जाणार.

"डावी बाजू हाय," ते म्हणाले. "अवं, डावी हाय."

वडनेरला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी नाही म्हणाले, पुण्याहून मुलगी नाही म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही भाड्याच्या गाडीत होतो. हिंगणघाट ओलांडलं तोवर त्यांनी चारदा खिसा चाचपला. मी गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. बाहेर कापूस फुटायला लागला होता. माझं लक्ष बाहेर कमी आणि त्यांच्या ओठांच्या रंगाकडे जास्त.

भाजीवाल्याचं घर शेताला लागूनच. ओसरीत वांग्यांचे क्रेट रचलेले. घरात तो, त्याची बायको आणि त्याची आई. त्या आई साधारण माझ्याच वयाच्या, काटक, मोकळं कपाळ. घरात सगळे त्यांना माय म्हणत. त्यांनी चहा केला, आणि सुनेनं देवघरातून पाटावर ठेवून तो कागद आणला. हातात धरून नाही, पाटावर. यांनी लगेच वाकून नमस्कार केला. मला हसू आलं. एवढ्या वर्षांत मी यांना देवाला हात जोडताना पाहिलं नव्हतं.

ती बसलेली बाई म्हणजे बँकेनं व्यापाराचं चिन्ह म्हणून छापलेलं विलायती चित्र, हे यांनी मला वाटेत सांगितलं होतं. पण या घरात पणजोबांच्या काळापासून ती लक्ष्मी होती. पणजोबा नागपूर-हैदराबादच्या जुन्या वाटेवर गाड्या हाकायचे, तिकडून कोठून तरी घेऊन आले, एवढंच त्यांना माहीत. दर लक्ष्मीपूजनाला घरची सवाष्ण ओल्या बोटानं तिच्या पायावर हळद-कुंकू लावते. किती सासवा-सुनांची बोटं त्या जागेवर पडली असतील! आणि नोटेचा नंबर बरोबर तिथेच, पायांच्या खाली. तो दिसायला मार्गच नव्हता. चार पिढ्यांचं कुंकू वर बसलेलं, खपलीसारखं.

यांनी खिशातून आपली अर्धी काढली आणि पाटाजवळ धरली. कड कडेला लागली. लागलीच म्हणा ना. कापलेली रेष सरळच होती, सरळ रेष कोणत्याही सरळ रेषेला जुळते. हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असणार. पण त्यांचा चेहरा पाहवत नव्हता, इतका आशेनं भरला होता.

"नुसता नंबर पाहायचा हाय," ते सुनेला म्हणाले. "कागद तुमचाच. मले नको. फक्त एवढं कुंकू अलगद पुसलं तं…"

सुनेनं पाट मागे ओढला. "काका! लक्ष्मीचं कुंकू पुसायचं काय?"

बिचारी पोर. तिचं काय चुकलं? दिवाळी तोंडावर, घरात धनी, आणि तिला सांगतात कुंकू पूस. ती मायकडे बघायला लागली. मायनी आम्हाला वांगी आणि सांबाराच्या जुड्या बांधून दिल्या आणि आम्ही परत निघालो.

गाडी निघाली. मी म्हटलं, "जाऊ द्या ना. अंधश्रद्धा आहे, पण त्यांच्या घरची आहे." बोलून गेले, आणि मग मला माझी आई आठवली. मी कॉलेजात असताना बाबा गेले. सेलूच्या घरी अंगणात बायका जमल्या आणि एका लांबच्या काकूनं ओल्या फडक्यानं आईचं कुंकू पुसलं. पुसलं म्हणजे घासलं. आई मान खाली घालून बसली होती, जेवणानंतर ताट घासून घ्यावं तसं कपाळ घासून घेत होती. कुंकू गेलं, पण त्याच्याखाली गोल पांढुरकी जागा राहिली, जिथे इतकी वर्षं ऊन लागलं नव्हतं. ती जागा दिसत असेपर्यंत मी आईच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते. पुढे शाळेत मी पोरींना ठणकावून सांगायची, कुंकवाचा आणि नवऱ्याच्या आयुष्याचा काडीचा संबंध नाही. हृदय हा स्नायू आहे. तो कुंकवावर चालत नाही. स्वतः मी वाटेल तेव्हा टिकली लावायची, वाटेल तेव्हा नाही. सासूबाई असेपर्यंत यावरून घरात कमी भांडणं झाली नाहीत.

दिवाळीच्या दोन दिवस आधी भाजीवाल्याचा फोन आला. "काका, माय म्हणते, देव घासतो त्या दिवशी येजा. त्या दिवशी सगळेच देव साफ होतेत. तिलेही करून पाहू."

हे त्यांच्या घरच्या रीतीत बसत होतं. लक्ष्मीपूजनाच्या आधी देवघरातले सगळे देव खाली काढायचे, चिंचेनं घासायचे, पुसून पुन्हा मांडायचे. कागदाच्या लक्ष्मीला मात्र आजवर कोणी घासलं-पुसलं नव्हतं, ती तशीच वरच्या वर राहायची. मायनी त्यातून वाट काढली होती.

त्या दिवशी सकाळी यांच्या पायावर सूज होती. मी बोटानं दाबून बघितलं, खड्डा पडला. "आज नको," मी म्हटलं. "आज नाई तं मंग कधी?" ते म्हणाले. रागावून नाही, साधंच म्हणाले. मी गोळी दिली आणि गाडी बोलावली.

वडनेरला ओसरीत चटई टाकलेली. परातीत चिंचेचं पाणी, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा लखलखीत होऊन कपड्यावर वाळत बसलेले. बाजूला पाट, पाटावर तो कागद. ओसरीवरचा पंखा मीच उठून बंद केला. भाजीवाला हसला, "काकू, सवय हाय वाटते." सून चुलीजवळ शंकरपाळे तळत होती, पण तिचं अर्धं लक्ष इकडे.

यांनी खिशातून पुडी काढली. आत कोरडा कापूस आणि रंगकामाचा मऊ ब्रश. पाणी लावायचं नाही, नाहीतर लाल रंग पसरेल आणि शाई जाईल. कोरड्या ब्रशनं खपली सोडवायची आणि कापसानं टिपायची. सगळं समजावून झालं. मग त्यांनी ब्रश धरला आणि हात असा थरथरायला लागला की ब्रश कागदाच्या आसपासही नेता येईना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. डाव्या हातानं उजवं मनगट धरून पाहिलं. मग त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला.

"तू कर," ते म्हणाले. "तुहा हात स्थिर हाय."

मला काय वाटलं ते सांगू? आधी राग आला. सगळा जन्म हात लावू दिला नाही, फोडणीचा वास, फोडणीचा वास, आणि आता माझा हात हवा तो नेमका यासाठी. पण ब्रश घेतला मी. चष्मा वर केला, वाकले. प्रयोगशाळेत मी डोळ्याला दिसणार नाही एवढा कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवलेला आहे, हा खपलीचा तुकडा म्हणजे काय मोठं काम. ब्रशचं टोक त्या लाल थराला टेकवलं.

आणि हात पुढे जाईना.

कापत नव्हता. स्थिर होता. पण जाईना. मी स्वतःला सांगितलं, हा कागद आहे, हे कुंकू म्हणजे हळद आणि चुना, तू स्वतः शिकवलंस. पिशवीत सावंगीचा रिपोर्ट होता, पायावर ती सूज होती, आणि माझ्या हातात कुंकू पुसायचा ब्रश होता. मी एवढी शिकलेली, एवढी तोंडाळ, पोरींना ठणकावणारी बाई, मला ते एवढंसं कुंकू पुसवेना. मी ब्रश खाली ठेवला.

"माझ्यानं नाही होत," मी म्हटलं. "मी नाही करणार."

"अवं, काऊन?"

"नाही म्हणजे नाही. विचारू नका मला."

भाजीवाला इकडेतिकडे बघायला लागला. यांचे खांदे पडले. एवढं जवळ येऊन, एवढी वर्षं थांबून, ते समोर होतं आणि बायको नाही म्हणत होती. मला लाज वाटत होती आणि तरी मी हात मांडीखाली घट्ट दाबून ठेवले होते.

तेव्हा माय उठल्या. परातीजवळ बसल्या होत्या, हात चिंचेनं काळे झालेले. त्यांनी लुगड्याला हात पुसले, मग सुनेनं वाळत टाकलेल्या टॉवेलला पुन्हा पुसून चांगले कोरडे केले, आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"आण इकडं, बाई," त्या म्हणाल्या. "मी पुसतो. माहं तं कवाचंच पुसलं. मले कशाचं भेव?"

चुलीवरचं तेल तेवढं ऐकू येत होतं. सुनेनं झारा कढईत तसाच धरला होता. मायनी ब्रश घेतला, यांनी सांगितलं तसा आडवा धरला आणि रोपाच्या पानावरची अळी काढावी तसं अलगद टोकानं थर हलवायला लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, दुःख नाही, मोठेपणाही नाही. एक काम होतं, ते ज्याला करता येण्यासारखं होतं त्यानं करायला घेतलं. मी त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी धरले नाहीत, बसून राहिले.

खपली तुकड्या-तुकड्यानं निघाली. खाली कागद गुलाबी झाला होता, पण शाई पक्की होती, काळी. एकेक आकडा वर यायला लागला.

"वाच," हे म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "तू वाच."

"सात."

त्यांनी माझा हात धरला. हात गार होता.

"चार."

"हं."

मायनी कापसानं टिपलं. मी वाकले. नीट पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. खोटं बोलावं असं एक क्षण मनात आलं, पण या माणसाशी नंबराबाबत खोटं बोलणं म्हणजे देवाघरी चोरी.

"शून्य," मी म्हटलं.

"शून्य? पाह्य बरं नीट. एकाले कोणी वळण देत असन."

"नाही हो. गोल आहे. शून्यच आहे. पुढे दोन."

त्यांनी डोळे उघडले. स्वतः वाकून बघितलं, भिंगातून नाही, असंच. बराच वेळ बघितलं. मी त्यांचं मनगट धरलं होतं, नाडी मोजत होते, आणि ती, आश्चर्य म्हणजे, सावकाश चालली होती.

"दुसरीच हाय," ते म्हणाले. "एकाच बँकेची, एकाच छापाची, पण दुसरी."

"मंग हिची जोडी कोठी असन?" मायनी विचारलं.

"सांगता येत नाई. आता नसनही."

"नसन तं नसन," माय म्हणाल्या. "अर्धी हाय म्हणून आमी पुजाचं सोडलं काय?" आणि त्यांनी सुनेला हाक मारली. "ये वं, इचं कुंकू लाव. उघडं नको ठेऊ."

सून चुलीवरची कढई उतरवून धावत आली. तिनं बोट ओलं केलं, हळद लावली, कुंकू लावलं, नंबर पुन्हा झाकला गेला. मग कुंकवाचं तेच बोट माझ्या कपाळाकडे आणलं. एरवी मी नको नको म्हणते. त्या दिवशी कपाळ पुढे केलं.

निघताना भाजीवाल्यानं क्रेटभर वांगी गाडीत ठेवली. यांनी आपली अर्धी नोट पुन्हा खिशात घातली. मायना यांनी हात जोडले. मी नुसतं "येते" म्हणाले. त्या म्हणाल्या, "येजो. उन्हाच्या आत पोचजा."

हिंगणघाट आलं. मला वाटत होतं, आता यांना धक्का बसला असणार, आता काही होणार. पिशवीतली जिभेखालची गोळी मी मुठीतच धरून बसले होते. गाडीची खिडकी उघडी, वारा येत होता. मीच शेवटी म्हटलं, "मी पुसलं नाही म्हणून रागावलात का? तेवढं काम करायला हवं होतं मी. मला जमलं नाही."

ते माझ्याकडे वळले. "तू तं सायन्सची मास्तरीण."

"हो ना. चिडवा."

"चिडवून नाई राह्यलो." थोडा वेळ त्यांनी श्वास घेतला. आजकाल लांब वाक्याच्या आधी त्यांना श्वास साठवावा लागतो. "नंबर जुळला नाई त्याचं काई नाई. पण तू पुसलं नाईस ना, मले लय बरं वाटलं."

संसारात एवढी वर्षं झाली, या माणसानं मला असं काही कधी म्हटलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला की सांगता येत नाही. आत्ता सांगतात! पायावर सूज चढल्यावर, हृदय अर्ध्यावर आल्यावर! मी खिडकीकडे तोंड केलं आणि ड्रायव्हरच्या देखत, पदर तोंडात कोंबून, वर्धा येईपर्यंत रडले.